चौकशीला आलेला माणूस

९ सप्टेंबर, मंगळवार

त्या तिसऱ्या माणसाने कागदावर काय लिहिलं असेल?

मुलाखतीला आठवडा होऊन गेला. पाच दिवसांचे गणपती पोचवले आणि त्याच रात्री बाबा आणि मी पुण्याच्या गाडीत बसलो. नीटचे मार्क बघून लष्कराच्या मेडिकल कॉलेजने बोलावलं होतं. आमच्या क्लासमधून दोघंच, मी आणि बांद्याचा शौनक.

समोर तिघं होते. मधल्या बाई गणवेशात, हसऱ्या. डावीकडचे सर जीवशास्त्रातलं विचारत होते, ते मला आलं. उजवीकडचा पांढऱ्या मिशांचा माणूस काहीच बोलत नव्हता. बाईंनी विचारलं, "डॉक्टरच का?" मी क्लासमध्ये घोटून घेतलेलं सांगितलं. आमच्याकडे दवाखाना लांब, माणसं दुखणं अंगावर काढतात, म्हणून मी दर रविवारी आमच्या आशाताईंबरोबर घरोघर जाते. तेव्हा त्या तिसऱ्याने मान वर केली.

"दर रविवारी?"

"हो सर. दर रविवारी."

त्याने कागदावर काहीतरी लिहिलं आणि मान परत खाली घातली.

आशाताई म्हणजे गावच्या आशा सेविका सुशीलाताई; त्यांच्याबरोबर मी आजवर दोनदा गेले आहे. एकदा पोलिओच्या डोसाला आणि एकदा त्यांची स्कूटर बंद पडली म्हणून.

नीटचं हे माझं दुसरं वर्ष. तिसऱ्या वर्षाचं नाव काढायचं नाही, असं मीच आईला सांगून ठेवलंय.

११ सप्टेंबर, गुरुवार

शौनकचा फोन. आधी "तुका काय मेल इलो?" मी नाही म्हटल्यावर आवाज खाली करून म्हणाला, "माका कळलाहा, यादी लावच्या आधी ते घराकडे माणूस धाडतत. साध्या कपड्यात. गावात इचारतत, चेडू सांगता ता खरा काय म्हणान."

"तुझ्याकडे इलो काय कोण?"

"नाय गो," म्हणाला. पण म्हणायच्या आधी थांबला.

त्याचा मामा सैन्यात आहे. त्याला हे आधीच ठाऊक असणार. मग आजच का सांगितलं? मला घाबरवायला? की त्याच्याकडचा माणूस येऊन, चहा पिऊन, खूश होऊन गेला?

१२ सप्टेंबर, शुक्रवार

आला.

या दिवसांत आमच्या होमस्टेच्या दोन्ही खोल्या बंद असतात. समुद्र खवळलेला, पर्यटकांच्या होड्या अजून वर ओढलेल्या. "पावसात कोण येता तोंडवलीक?" हे बाबांचंच वाक्य. आणि आज दुपारी मालवणहून रिक्षा येऊन दारात थांबली. एकटा माणूस. सत्तरीचा, उंच, पाठ सरळ. आडनाव आगाशे, पुण्याचे. चार दिवस राहणार.

बाबा आत्ता सांगतात की आगाशेंच्या मुलीने सोमवारी फोन करून खोली ठरवली होती.

"आवाज कसो होतो?" मी विचारलं.

"बाईचो आवाज कसो असता?" बाबा म्हणाले. "हसान बोलत होती."

मधल्या बाईसुद्धा हसूनच बोलत होत्या.

आई खोलीत पाणी ठेवायला गेली तेव्हा त्यांची बॅग उघडी होती. दोन स्वेटर आणि टॉवेल एकही नाही. समुद्रावर सप्टेंबरात स्वेटर कोण आणतं? घाईत, वरून हुकूम आला म्हणून निघालेला माणूस.

संध्याकाळी बाबांनी विचारलं, नोकरी कुठे केलीत. "लष्कराच्या हिशेब खात्यात," ते म्हणाले. "निवृत्त होऊन झाली बरीच वर्षं."

मी भरलेला तांब्या हातात धरून तशीच उभी राहिले. इतकं उघड कसं बोलले? का मुद्दामच बोलले, माझा चेहरा बघायला?

मग माझ्याकडे वळून, "तू काय करतेस गं?" मी म्हटलं, मेडिकलचा निकाल यायचाय.

"अरे वा. डॉक्टरच का?"

बाईंचेच शब्द होते.

१३ सप्टेंबर, शनिवार

सकाळी घावने खाताना पुन्हा, "तू काय करतेस गं?" मी सांगितलं. "अरे वा. डॉक्टरच का?" तोच सूर, तीच भुवई वर. जणू काल विचारलंच नव्हतं. मी कालचंच उत्तर शब्दही न बदलता दिलं. दुपारी जेवताना तिसऱ्यांदा. मी तेच दिलं.

हे मी वाचलंय. एकच प्रश्न वेगवेगळ्या वेळी विचारायचा आणि उत्तर बदलतं का बघायचं. खोटं बोलणारा माणूस तपशिलात घसरतो.

मी घसरणार नाही.

१४ सप्टेंबर, रविवार

अर्थातच गेले. पांढरा कुर्ता घालून, त्यांच्या समोरून, "काका, आशाताईंबरोबर चाललेय, दर रविवारी असतं," असं मोठ्याने सांगून. ते पडवीत बसले होते. म्हणाले, "छान. जपून जा."

सुशीलाताई मला बघून कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "आज सूर्य खयसून उगावलो गो?" दोन बाळंतिणी, एक पाय सुजलेली आजी आणि बीपीच्या गोळ्या बंद करून बसलेले एक गृहस्थ. मी वजनं लिहून घेतली. खरं सांगायचं तर लक्ष सगळं रस्त्याकडे होतं, ते मागून येतात का म्हणून.

परत आले तर पडवीतच होते. "कुठे गेली होतीस गं?"

दोन तासांपूर्वी स्वतःच्या तोंडाने मला "जपून जा" म्हणालेला माणूस!

१५ सप्टेंबर, सोमवार

आज त्यांना कोठीत पकडलं. सकाळी मी तांदूळ काढायला गेले तर हे आत उभे, अंधारात, एक हात भिंतीवर. मला बघून दचकले. "बाथरूम शोधत होतो." बाथरूम त्यांच्या खोलीला लागून आहे, तीन दिवस वापरतायत. कोठीत काय बघायचं होतं? नारळ?

मी बाबांना शौनकने सांगितलेलं सगळं सांगितलं. बाबा हसले. मग हसायचे थांबले आणि म्हणाले, "तुझ्या कॉलेजाचो नाय. जमीन बघूक इलोहा तो. काल माका विचारी होतो, समुद्राची हद्द खयपर्यंत म्हणान." गेल्या वर्षी शेजारची वाडी कुणा बाहेरच्याने घेतली तेव्हापासून बाबांना बूट घातलेला प्रत्येक माणूस दलाल दिसतो.

आई म्हणाली, "म्हातारो माणूस तो. विसारता. तुमका दोघांका दुसरा काम नाय?"

आईला सगळी माणसं साधीच वाटतात.

आज चार दिवस होत आले. मुलीचा बाबांना रोजचा फोन आला, अजून चार दिवस राहू देत म्हणाली. बाबांनी सांगितलं, "मजेत आसत. जेवतत, फिरतत." मुक्काम वाढला तो का, हे बाबांनी विचारलं नाही. कॉलेजच्या वेबसाइटवर अजून काही नाही. म्हणजे चौकशी चालू आहे.

१६ सप्टेंबर, मंगळवार

आज आजोबांचा म्हाळ. कावळ्यांना वाढून झाल्यावर आईने आगाशेकाकांनाही पंक्तीत बसवलं. काळ्या वाटाण्याची आमटी, वडे, खीर, सगळं चवीने जेवले. बोलता बोलता म्हणाले, माझी बायको गेली त्याला चार वर्षं झाली, तिला वडे फार आवडायचे, आम्ही लग्नानंतर मालवणला आलो होतो. आईचे डोळे भरले.

आणि चार वाजता चहाला आले ते म्हणाले, "मी आता निघायला हवं. ती वाट बघत असेल. जेवायची थांबते माझ्यासाठी."

"कोण काका?" मी मुद्दाम विचारलं.

"बायको माझी."

सापडले. कथा तयार करून आलेला माणूसही तपशिलात घसरतो. मी नुसती बघत राहिले. त्यांनी नजर दुसरीकडे वळवली. मग आईला म्हणाले, "आज जेवण नाही का?"

मी आईकडे बघितलं. आईने ताट घेतलं आणि हू की चू न करता दोन वडे आणि वाटीभर खीर वाढली.

"आई, मगाशी जेवले ना ते!" मी आत जाऊन म्हटलं.

"जेवले असतले. परत भूक लागली."

आईची सहनशक्ती तपासतायत. घरचं वातावरण कसं आहे, त्याचेही मार्क असणार.

१७ सप्टेंबर, बुधवार

निकाल नाही.

सकाळी मला "मधू" म्हणून हाक मारली. मी ओ दिली नाही. दुसऱ्यांदा मारली. मी म्हटलं, "काका, मी तेजस्वी." "हो, तेच," म्हणाले. त्यांचा मोबाइल त्यांच्या बुटात सापडला, बंद. शर्टाची बटणं एक घर सोडून लावलेली. लष्करी खात्यातला माणूस असा राहतो? वेंधळेपणाचं सोंग इतकं नीट वठवायला सराव लागतो.

ते रोज सकाळी तळाशिलच्या बाजूला चालत जातात. तिथे आमचे नातेवाईक आहेत. उद्या मागे जाऊन बघणार आहे, कुणाकुणाला काय विचारतात ते.

१८ सप्टेंबर, गुरुवार

हे सगळं नीट लिहिलं पाहिजे.

चहा पिऊन कप आईच्या हातात दिला, "येतो" म्हणाले आणि चपला न घालता निघाले. मी सुरूच्या झाडांमधून मागे. पुढे जावं तसा तो जमिनीचा पट्टा अरुंद होत जातो, एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला खाडी. पहिल्या घरापाशी थांबले, अंगणातल्या बाईशी काहीतरी बोलले, पुढे गेले. दुसऱ्या घरी बाबलीकाका जाळं शिवत बसले होते. त्यांच्याशी जरा जास्त वेळ बोलले. ते पुढे जाताच मी धावत गेले.

"बाबलीकाका, काय विचारल्यानी?"

"माका इचारतत, माझा घर खंय म्हणान. म्हटलंय, तुमचा घर माका कसा म्हायत?"

मला अजूनही तेच वाटत होतं. काय हुशार माणूस! घर विचारायचं निमित्त करून गाव बोलतं करायचं. पुढच्या घरीही तेच झालं. तिथला माणूस हसून आत गेला.

मग घरं संपली. पुढे नुसती वाळू आणि मोक्याशी, खाडी समुद्राला मिळते तिथे, फेसाळणारं पाणी. तिथे विचारायला माणूसच नव्हता. तरी ते चालत राहिले, आणि पाणी लागलं तरी थांबले नाहीत. गुडघ्यापर्यंत गेले तेव्हा माझ्या तोंडून "काका!" निघालं. तिथे ओढ किती असते ते आम्हाला लहानपणापासून माहीत आहे. मी पाण्यात शिरून त्यांचा दंड धरला.

ते वळले. माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता रागावतील, पाठलाग का केलास म्हणून.

"तुम्ही इथल्याच का?" ते म्हणाले. रोज मला अगं म्हणतात. "मला जरा कोथरूडची रिक्षा बघून द्याल? मघापासून विचारतोय, कोणी सांगतच नाही. घरी ती वाट बघत असेल."

लाट आली तशी त्यांनी माझा हात दोन्ही हातांनी धरला, लहान मूल धरतं तसा. परीक्षा घ्यायला आलेला माणूस असा घाबरत नाही.

मला पायाखालची वाळू सरकल्यासारखं झालं, आणि ती खरोखरच सरकत होती. मी म्हटलं, "चला काका. रिक्षा त्या बाजूला मिळते."

"नक्की?"

"नक्की."

परतीच्या वाटेवर त्यांनी हात सोडला नाही. बाबलीकाका जाळं टाकून उठून उभे राहिले. मी मानेनेच खुणावलं. आगाशेकाका मला सांगत होते की आज पगार झालाय आणि तिच्यासाठी चाफ्याची फुलं घ्यायचीत. मी "हो" म्हणत होते. सहा दिवस मी या माणसाच्या चेहऱ्याकडे टक लावून बघत होते. सहा दिवस!

आईने गरम पाण्याने त्यांचे पाय धुतले. मी बाबांच्या फोनवरून काकांच्या मुलीला फोन लावला.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

दुपारी गाडी आली. चाळिशीच्या बाई, डोळ्यांखाली काळं. "मी मधू आगाशे." काकांचा चेहरा इतक्या दिवसांत कधी उजळला नव्हता तसा तिला बघून उजळला. त्यांनी तिला ओळखलं. ती मात्र आधी आमच्याकडे वळली.

"मी रोज फोन करत होते. तुम्ही रोज सांगत होता, मजेत आहेत."

बाबा म्हणाले, "जेवत होते, झोपत होते..." बाबा घाबरले की शुद्ध मराठी बोलतात.

"काल बुडाले असते ते! आणि चार दिवसांचे आठ दिवस झाले तेव्हा तुम्हाला काही वाटलं नाही? का सीझन नाही म्हणून बरंच होतं?"

मुक्काम तिनेच वाढवला होता, तरी बाबांचा चेहरा पडला. आईने पदर तोंडाला लावला. आणि मला कळलं की कुणी आपल्यावर संशय घेतला की कसं होतं. आपण काहीही म्हटलं तरी ते सोंगच वाटणार.

आई मला डोळ्यांनी गप्प राहा म्हणत होती. मी राहिले नाही. काका पडवीत होते, म्हणून हळू बोलले. सांगितलं, की रोज तोच प्रश्न पुन्हा विचारतात. जेवून उठल्यावर जेवण मागतात. खोलीला लागून असलेलं बाथरूम सापडत नाही, कोठीत जातात. मला तुमच्या नावाने हाक मारतात. काकू गेल्या हे दुपारी आठवतं आणि संध्याकाळी आठवत नाही. हे सगळं मला दुसऱ्या दिवसापासून दिसत होतं आणि मी त्याचा भलताच अर्थ लावत होते, हेही सांगितलं.

"तू डॉक्टर आहेस का?" ती म्हणाली.

"नाही."

"मग?"

"मग काही नाही. पण यांना कुणाला तरी दाखवा. लवकर. आणि एकटं कुठे पाठवू नका."

"एकटं नव्हतं पाठवलं," ती म्हणाली. "मी स्वतः बसमध्ये बसवून दिलं होतं."

तिने बॅग भरली, स्वेटरची घडी घातली, ती परत मोडली, परत घातली. गाडीत बसताना काका म्हणाले, "फार छान माणसं आहेत गं ही." ती आमच्याकडे न बघता काच वर करायला लागली.

बाबा अजून पडवीत बसलेत. जेवले नाहीत.

मला एक गोष्ट खटकते. मी इतकं सगळं सांगितलं, पण त्यातल्या एकाही गोष्टीचं तिला आश्चर्य वाटलं नाही.

२२ सप्टेंबर, सोमवार

यादी लागली. माझं नाव नाही. प्रतीक्षायादीतही नाही. मी वरून खाली, खालून वर, दोनदा बघितली. शौनकचं आहे.

"दर रविवारी"मुळे गेलं की नीटच्या मार्कांमुळे, हे मला कधीच कळणार नाही. ते कुणी कळवत नाही.

आई घट बसवायला माती चाळत होती. मी जाऊन सांगितलं. तिने चाळण माझ्या हातात दिली आणि माझ्या पाठीवर हात ठेवून तिथेच बसून राहिली. मी बराच वेळ माती चाळली. राज्याच्या यादीची अजून एक फेरी बाकी आहे, हे बाबांनी तीनदा सांगितलं.

शौनकला मीच फोन केला. अभिनंदन म्हटलं. मग विचारलं, "ते माणूस धाडतत ह्या तुका कोणी सांगल्यान?"

तो म्हणाला, "असाच खयतरी ऐकलंय. माका झोप येय नाय गो. म्हटलंय, तुका सांगलंय तर भियाक आणि कोणतरी जोडीक होतला. आमच्याकडे गॅसवालो इलो तरी आवस तेका लाडू दी."

मला हसू आलं. हसताना रडूही आलं, पण तोवर फोन ठेवला होता.

२९ सप्टेंबर, सोमवार

संध्याकाळी अनोळखी नंबर. "तेजस्वी का? मी मधू आगाशे."

मला वाटलं, तक्रार करणार. बाबांना बोलावू का, विचारलं. नको म्हणाली. सगळ्या तपासण्या झाल्या. स्मृतिभ्रंशच निघाला, आणि मी धरलं होतं त्यापेक्षा पुढे गेलेला.

"तुझ्या आईबाबांना मी बोलले ते..."

"त्यांनी मनावर नाही घेतलं," मी म्हटलं. खरं नव्हतं. बाबांनी या महिन्यात खोली द्यायचीच नाही ठरवलंय.

ती म्हणाली, "मला माहीत होतं गं. वर्ष झालं असेल. सांगितलं असतं तर तुझ्या बाबांनी खोली दिली असती?"

मी विचार केला. "नसती दिली."

"मला चार दिवस झोपायचं होतं. फक्त झोपायचं. मग तुझे बाबा म्हणाले मजेत आहेत, तर म्हटलं अजून चार." तिचा आवाज बारीक झाला. "पाण्यात किती आत गेले होते?"

"गुडघ्यापर्यंत," मी म्हटलं. "मी जवळच होते."

मी जवळ का होते, ते तिने विचारलं नाही.

"पुढे काय काय होत जातं? डॉक्टर घाईत असतात. तू मेडिकलला आहेस ना?"

"नाही ताई. माझं नाव नाही आलं."

"अगं..." ती म्हणाली. आणि मग, "असू दे. जरा बोलू का तुझ्याशी? कंटाळलीस तर सांग."

फोनची बॅटरी संपत आली होती. मी वायर लावली. ती जेमतेम उंबऱ्यापर्यंत पुरते, म्हणून तिथेच खाली बसले. आई जेवायला हाक मारत होती. मी हातानेच सांगितलं, तुम्ही बसा. मधूताई आज सकाळचं सांगत होती. काकांनी दाढीचा साबण फ्रिजमध्ये ठेवला होता. तो सापडल्यावर दोघंही खूप हसली. मग ती गॅलरीत जाऊन एकटीच उभी राहिली.

"मग?" मी म्हटलं.